कानउघाडणी : 'क्रीप' लागलं की नवरा उठून का जातो?

या महिन्याच्या गठ्ठ्यात तीन पत्रं एकाच जातीची निघाली. तिघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, पण दुखणं एकच, म्हणून तिन्ही एकत्र घेतोय. अॅम्प्लिफायर कुठला घेऊ आणि हेडफोनच्या वायरी का तुटतात वाले प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न १

दादा, माझा प्रश्न गाण्याचा आहे का संसाराचा तेच मला कळत नाहीये. माझा नवरा रेडिओहेड ह्या इंग्लिश बँडचा भक्त आहे, भक्त म्हणजे अक्षरशः, सगळे अल्बम, टीशर्ट, बेडरूममध्ये पोस्टर पण लावणार होता पण तिथे सासूबाईंनी देवाचं कॅलेंडर लावून टाकलं. मला इंग्रजी गाण्यांतलं फार कळत नाही, पण त्यांचं 'क्रीप' मला मनापासून आवडतं. गेल्या महिन्यात लग्नाच्या वाढदिवसाला ठाण्यातल्या एका कॅफेत गेलो होतो, तिथे एक मुलगा गिटार घेऊन गात होता आणि त्याने नेमकं 'क्रीप' सुरू केलं. मी खुश होऊन ह्यांच्याकडे बघितलं तर हे कोल्ड कॉफी अर्धी टाकून "फोन आलाय" म्हणून बाहेर. फोनबिन काही आला नव्हता, मला काचेतून दिसत होतं, रिक्षा स्टँडकडे बघत उभे होते. नंतर विचारलं तर म्हणाले, "ज्यांना रेडिओहेड माहीत नाही ते लोक हे गाणं ऐकतात." मला इतकं लागलं ना. ह्यांच्याच बँडचं गाणं, मला आवडलं तर त्यात माझं काय चुकलं? आणि गंमत पुढे आहे, ह्यांचा होस्टेलचा मित्र परवा घरी आला होता, तो सांगत होता की कॉलेजात हेच गाणं ह्यांनी गॅदरिंगला स्टेजवर म्हटलं होतं, डोळे मिटून. हे त्याला गप्प बस म्हणत होते. काय समजायचं मी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, आधी हे सांगा की ती अर्धी राहिलेली कॉफी तुम्ही प्यायलात ना? वाया घालवू नये, कॅफेतले दर बघता.

तुमचं काही चुकलेलं नाही. पण नवऱ्याला पण लगेच फासावर देऊ नका, कारण तो ज्या गाण्यावरून उठून गेला त्या गाण्यावरून त्याच्या आधी खुद्द रेडिओहेडवालेच उठून गेलेत, आणि चांगली काही वर्षं बाहेर उभे होते. ती कथा माहीत असली की अर्धा उलगडा होतो म्हणून जरा ऐकून घ्या.

ही ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन शाळेतली पाच पोरं. त्यांचा गायक टॉम यॉर्क, त्याने हे गाणं कॉलेजच्या दिवसांत लिहिलं होतं. १९९२ साली चिपिंग नॉर्टनच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू होतं, ठरवलेली गाणी वेगळीच होती, ती काही जमत नव्हती, आणि मधेच सहज त्यांनी हे वाजवलं. प्रोड्यूसर दोघे अमेरिकन, पॉल कोल्डरी आणि शॉन स्लेड. यॉर्क आधी म्हणून गेला होता की हे आमचं स्कॉट वॉकर गाणं, म्हणजे त्या गायकाच्या वळणाचं, पण ह्या दोघांना वाटलं की हे खरंच स्कॉट वॉकरचंच जुनं गाणं आहे आणि ही पोरं त्याची कॉपी वाजवतायत! तेव्हा त्यांना वाईट वाटलं म्हणे की ह्यांचं सगळ्यात चांगलं गाणं नेमकं दुसऱ्याचं आहे. नंतर खरं काय ते कळलं आणि मग रेकॉर्ड झालं.

आता गाण्यातली एक जागा तुम्हाला दाखवतो. सुरुवातीला सगळं हळू हळू चालू असतं, बिचारा कोपऱ्यात उभा राहून गातोय असं, आणि मुख्य ओळ यायच्या जरा आधी गिटार एकदम खर्रर्र... खर्रर्र... असं करते, जंग धरलेलं शटर कोणीतरी लाथ मारून खाली ओढावं तसं. तो बँडचा गिटारवाला जॉनी ग्रीनवुड. त्याला हे गाणं फार गुळगुळीत, फार गप्प वाटत होतं, म्हणून त्याने तारा दाबून धरून त्यांच्यावर जोरात हात मारले. बँडमधलाच एड ओब्रायन नंतर म्हणाला की तो जॉनीचा गाण्याची वाट लावायचा प्रयत्न होता. वाट लागायच्या ऐवजी जगभर तोच आवाज लोकांना आवडला! म्हणजे बघा, ह्या गाण्याबद्दलची नाराजी नंतर नाही आली, ती रेकॉर्डिंगच्या दिवशीच गाण्याच्या आत जाऊन बसलीये, आणि तुम्हाला मला जे आवडतं त्यातलं निम्मं ती नाराजीच आहे.

सप्टेंबर १९९२ मध्ये सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याची रेकॉर्ड निघाली आणि इंग्लंडात आपटली, विक्रीच्या यादीत ७८ नंबर. बीबीसी रेडिओ १ ला ते फार उदास वाटलं. मग इस्रायलमध्ये योआव कुटनर म्हणून एक रेडिओवाला होता, आर्मीच्या रेडिओ स्टेशनवर, त्याने ते परत परत लावलं, तिथे हिट झालं. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या एका स्टेशनने उचललं, तिथून अमेरिका, आणि १९९३ मध्ये इंग्लंडात परत सिंगल काढलं तेव्हा ७ नंबर. घरात ज्याला कोणी विचारत नव्हतं तो बाहेरगावी नाव काढून आला की अख्खी आळी दारात, तसं झालं.

आणि मग सुरू झाली पंचाईत. अमेरिकेत हे टूरवर जायचे तर लोक एका गाण्यासाठी यायचे, ते झालं की निघायला लागायचे. पुढची गाणी पाठमोऱ्या माणसांना ऐकवायची! एमटीव्हीने तर त्यांना एका बीच हाऊसच्या कार्यक्रमात स्विमिंग पूलच्या काठावर उभं केलं, उन्हात, आजूबाजूला स्विमसूटमधली पोरंपोरी नाचतायत आणि हा बाबा मधे उभा राहून 'मी विचित्र आहे, मी इथला नाही' अशा अर्थाचं गातोय. यॉर्कने त्या कार्यक्रमात शेवटी कपड्यांसकट पूलमध्ये उडी मारली. मी तो व्हिडिओ बघतो तेव्हा हसू पण येतं आणि पोटात पण तुटतं. १९९४ मध्ये त्यांनी 'माय आयर्न लंग' म्हणून गाणं काढलं. आयर्न लंग म्हणजे पोलिओच्या पेशंटला झोपवायचे ती श्वासाची लोखंडी पेटी. मशीन जगवतं पण तुम्हाला त्यातून बाहेर पडता येत नाही. ते गाणं 'क्रीप'बद्दल आहे हे सगळ्यांना माहितीये. मग यॉर्क 'क्रीप'ला उघड 'क्रॅप', म्हणजे भंगार, म्हणायला लागला आणि नव्वदचं दशक संपता संपता त्यांनी ते स्टेजवर वाजवणंच बंद केलं.

आता तुमच्या नवऱ्याकडे येऊ. तो बहुतेक त्यांच्या 'ओके कम्प्यूटर' अल्बमच्या, म्हणजे १९९७ च्या आसपास किंवा त्यानंतर लागलेला भक्त असणार. त्या भक्ताला बँडबरोबर बँडचं भांडणही आयतं मिळालं. आपल्याकडे म्हणतात ना राजापेक्षा राजनिष्ठ, तसं. यॉर्कला दर रात्री तेच गावं लागत होतं म्हणून तो वैतागला, त्याचं समजू शकतो, पण डोंबिवलीत दर रात्री कोणी तुमच्या नवऱ्याकडून 'क्रीप' म्हणवून घेत नव्हतं! तरी वैताग मात्र तेवढाच. भक्ताचं हे असंच असतं, देवाला पित्त झालं की ह्याला मळमळतं.

तुम्ही म्हणाल ह्यात काय एवढं, शंभर वेळा ऐकून कान किटले असतील, अतिपरिचयात अवज्ञा. मी पण बरीच वर्षं हेच म्हणायचो. रॉबर्ट झायोंक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती परत परत समोर आली तरी माणसाला ती आवडायला लागते, अगदी अर्थ नसलेले शब्दसुद्धा. आणि डॅनियल बर्लाइनने पुढचं सांगितलं, की आवड टेकडीसारखी चढते आणि मग उतरते, साधी गोष्ट लवकर चढते लवकर उतरते, गुंतागुंतीची गोष्ट चढायलाच वेळ घेते. 'क्रीप' तसं साधंच आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत चारच कॉर्ड, जी, बी, सी आणि सी मायनर, गोल गोल फिरत राहतात. म्हणून पटकन आवडतं, म्हणून कॅफेतला प्रत्येक मुलगा ते वाजवू शकतो, म्हणून ते सगळीकडे असतं, म्हणून ते उतरतं. बरोबर आहे सगळं.

पण एक हिशोब जुळत नाही. नवऱ्याला विचारून बघा, 'ओके कम्प्यूटर' किती वेळा ऐकलं असेल. मी पैज लावतो, 'क्रीप'च्या दहापट. त्याने का नाही कान किटले? कारण ते दर वेळी त्याने स्वतः लावलंय. रात्री, हेडफोनवर, दार लोटून. 'क्रीप' मात्र त्याच्यावर लावलं जातं. मॉलमध्ये, जिममध्ये, कुणाच्या तरी रीलमध्ये, सिनेमाच्या ट्रेलरमध्ये, कॅफेत. किती वेळा ऐकलं ह्यापेक्षा प्लेचं बटण कोणी दाबलं ह्याला जास्त महत्त्व आहे असं माझं पक्कं मत झालंय. घरचं वरण रोज खाऊन कंटाळा येत नाही पण पाहुण्यांकडे आग्रहाने वाढलेला तिसरा गुलाबजाम नकोसा होतो, गुलाबजाम तोच.

आणि दुसरं म्हणजे सोबत कोण आहे. ह्याचं मोठं उदाहरण निर्वाणा हा अमेरिकन बँड. १९९१ मध्ये त्यांचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' गाणं आलं आणि जानेवारी १९९२ मध्ये त्यांच्या अल्बमने मायकल जॅक्सनला अमेरिकेच्या एक नंबरवरून खाली उतरवलं. त्यांचा गायक कर्ट कोबेन, त्याचा सगळा जीव शाळेत मार खाणाऱ्या, बाजूला पडलेल्या पोरांत. आणि आता बघतो तर समोर उड्या मारतायत ती मारणारी पोरं! त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या 'इन्सेस्टिसाइड' अल्बमच्या कव्हरच्या आत त्याने सरळ लिहून टाकलं की तुम्ही समलिंगी लोकांचा, बायकांचा, दुसऱ्या रंगाच्या लोकांचा द्वेष करत असाल तर आमच्या शोला येऊ नका, आमच्या रेकॉर्डी घेऊ नका. म्हणजे तक्रार गाण्याबद्दल नाहीये, कोणाच्या तोंडात गेलं ह्याबद्दल आहे. 'क्रीप'चं तर आणखी वाईट. मी इथला नाही हे गाणं पन्नास हजार माणसं एका सुरात म्हणायला लागली की मग खरा इथला नसलेला माणूस उभा कुठे राहणार? रिक्षा स्टँडकडे बघत.

आता ती गॅदरिंगची गोष्ट. मला वाटतं मूळ दुखणं तिथेच आहे, आणि हे मी छातीठोकपणे सांगतोय कारण मी स्वतः तेच पाप केलंय. माझ्याकडे 'पाब्लो हनी'ची, म्हणजे रेडिओहेडच्या पहिल्या अल्बमची कॅसेट होती, पैसे साठवून घेतलेली, त्यात 'क्रीप' दुसरं गाणं. पहिले सहा महिने मी ते रिवाइंड करून करून एवढं ऐकलं की तेवढ्या भागात टेपचा आवाज खरबरीत झाला होता. मग कॉलेजात दोन सीनियर भेटले ज्यांना पुढचे अल्बम पाठ होते, ते 'क्रीप'चं नाव काढलं की एकमेकांकडे बघून हसायचे. मग मी काय करावं? विकतच्या कॅसेटवर टेप होऊ नये म्हणून वरच्या कडेला खाच असते, आठवतंय का, त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला, वरून सेलोटेप लावली आणि त्या गाण्यावर रेडिओवरची क्रिकेटची कॉमेंट्री टेप करून टाकली. जवळपास चार मिनिटांची. आणि ती कॅसेट मुद्दाम त्या दोघांना ऐकायला दिली! ते खूप हसले, मी त्यांच्यातला झालो. आजही कुठेही पहिलं गाणं 'यू' संपलं की माझं डोकं "मिडऑनला ढकलून एक धाव" ची वाट बघतं. इतका शहाणा मी.

म्हणून म्हणतो, तो तुमच्यावरून उठून गेला नाही ताई. कॅफेत तो मुलगा डोळे मिटून गात होता ना? नवऱ्याला समोर कोण दिसलं असेल विचार करा. गॅदरिंगच्या स्टेजवरचा तो, एकोणीस वर्षांचा, मिशीचा पत्ता नाही आणि जगाने आपल्याला नाकारलंय ह्याची पूर्ण खात्री. त्याच्याकडे बघायची हिंमत चाळिशीत सगळ्यांनाच होत नाही. आणि ते "ज्यांना रेडिओहेड माहीत नाही" वगैरे जे बोलला ते त्या दोन सीनियरांचं वाक्य आहे, प्रत्येक कॉलेजात असे दोन असतातच. बोलला ते चुकीचंच बोलला, त्याबद्दल सॉरी वसूल करा, वाढदिवसाच्या दिवशी बायकोला असं म्हणतात का!

आणि भांडायची वेळ आलीच तर तुमच्या बाजूचे पुरावे पण देऊन ठेवतो. २००१ च्या जुलैमध्ये रेडिओहेडचा त्यांच्याच गावात, ऑक्सफर्डच्या साउथ पार्कमध्ये मोठा शो होता. शेवटाकडे एक गाणं सुरू केलं आणि कीबोर्डच बिघडला. आता काय करायचं, तर त्यांनी 'क्रीप' वाजवलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं, घरच्या मैदानात. २००९ मध्ये रीडिंग फेस्टिवलला तर सुरुवातच त्याने केली. मग परत काही वर्षं गायब, २०१६ मध्ये पॅरिसला पुन्हा काढलं आणि २०१७ मध्ये ग्लास्टनबरी फेस्टिवलला वाजवलं. आणि सगळ्यात भारी म्हणजे २००८ मध्ये प्रिन्स ह्या अमेरिकन गायकाने कोचेला फेस्टिवलमध्ये हे गाणं गायलं आणि त्याचे व्हिडिओ इंटरनेटवरून काढायला लावले, तेव्हा ह्याच यॉर्कचं म्हणणं काय, तर त्याला सांगा ते परत चालू करायला, गाणं आमचं आहे. आमचं! जे क्रॅप होतं ते. म्हणजे दुसरा कोणी हात लावायला आला की लगेच माया जागी झाली.

नवऱ्याला हे सगळं माहीत असणार, त्याला माहिती देऊ नका, भक्ताला माहिती दिली की तो चवताळतो. त्यापेक्षा एखाद्या रात्री जेवणं झाल्यावर नुसतं विचारा, की अहो ते गाण्यात मधेच खर्रर्र होतं ते काय असतं हो? आणि मग गप्प बसा. तो निदान चाळीस मिनिटं बोलेल. शेवटी दाखवायला म्हणून स्वतःच गाणं लावेल, आणि बटण त्याने दाबलेलं असेल.

प्रश्न २

सर मी कोल्हापूरचा, इंजिनीअरिंगला आहे. जानेवारी २०२५ ला कोल्डप्लेच्या शोला नवी मुंबईला गेलो होतो, डी. वाय. पाटील स्टेडियमला, तिकीट कसं मिळवलं ते विचारू नका, मामाने मदत केली. मी खरं सांगायचं तर 'यलो' आणि अजून तीन-चार गाणी ऐकूनच गेलो होतो. 'यलो' लागल्यावर मी एवढा ओरडलो की आवाज बसला. मागे एक ग्रुप होता, त्यातला एक म्हणतो, "आले बघा एका गाण्यासाठी पैसे भरणारे." पुढचा अर्धा शो माझा मूड गेला. मी खोटा फॅन आहे का?
— कोल्हापूर

उत्तर

अरे भावा, आषाढीला एकदाच पंढरपूरला जाणाऱ्याला वर्षभर माळ घालणारा माणूस कधी म्हणतो का की तू कशाला आलास? उलट पाणी विचारतो, जागा करून देतो. मागच्या ग्रुपमधल्या त्याची माळ नवीन असणार, नवीन माळेला खाज जास्त.

तुझ्या केसमध्ये तर त्याचं अजिबातच चुकलं. कारण 'यलो'वर कोल्डप्ले कधी रुसलेच नाहीत. २००० साली ते गाणं इंग्लंडात ४ नंबरला गेलं आणि तेव्हापासून आजपर्यंत ते दर शोला आनंदाने वाजवतायत, स्टेडियमभर पिवळे दिवे लावून. बँड रुसला नाही म्हणून तिथे भक्तांतही मोठं बंड झालं नाही. वर रेडिओहेडवाल्या ताईंना सांगितलं ना, रुसवा पुष्कळदा वरून खाली झिरपतो. आर.ई.एम. ह्या अमेरिकन बँडचं बघ, 'शायनी हॅपी पीपल' १९९१ ला इंग्लंड अमेरिका दोन्हीकडे पहिल्या दहात होतं, आणि २००३ मध्ये त्यांनी निवडक गाण्यांचा अल्बम काढला तर त्यात ते घेतलंच नाही. मग त्यांचे फॅन पण ते गाणं आवडतं हे हळू आवाजात सांगायला लागले. ओएसिस बँडचा गायक लियम गॅलघर त्यांचंच 'वंडरवॉल' आपल्याला सहन होत नाही असं इंटरव्ह्यूमध्ये सांगून बसलाय, आणि २०२५ मध्ये तो आणि बँडमधला त्याचा भाऊ परत एकत्र आले तर शेवटच्या गाण्यांमध्ये 'वंडरवॉल' होतंच, अख्खं स्टेडियम गातंय.

'वंडरवॉल'वरून आठवलं, तुझ्या होस्टेलवर कोणी गिटार शिकत असेल तर त्याचा डावा हात बघ. दुसऱ्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट खालच्या दोन तारांवर जे बसतं ते मुख्य चाल चालू असेपर्यंत हलतच नाही, बाकीची दोन बोटं तेवढी इकडून तिकडे. आठवडाभरात येतं. आता जे गाणं आठवडाभरात येतं ते किती पार्ट्यांत, किती गच्च्यांवर, किती ट्रेकला शेकोटीपाशी वाजलं असेल? आणि किती वाईट वाजलं असेल! भक्ताला राग येतो त्यातला बराचसा ह्या वाईट वाजवण्याचा असतो, बिल मात्र ओरिजिनल गाण्याच्या नावावर फाटतं.

तू खोटा नाहीस, नवीन आहेस. तुझा आवाज बसला म्हणजे तू पैसे वसूल केलेस. मामाला थँक्यू म्हणालास का नीट?

प्रश्न ३

नमस्कार, मी कल्याणला राहतो, शनिवार-रविवार ठाण्या-मुलुंडकडच्या कॅफेंमध्ये आणि कधी कधी पबमध्ये गिटारवर गातो, दिवसा नोकरी. मला चांगली गाणी म्हणायची असतात पण दर वेळी कोणी ना कोणी येऊन 'हॉटेल कॅलिफोर्निया' म्हणा म्हणतं. मालक पण म्हणतो तेच म्हण, लोक अजून एक राउंड मागवतात. आठ वर्षांत मी ते गाणं किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. एकेकाळी ह्या गाण्यासाठी मी गिटार शिकलो होतो. आता पहिली कॉर्ड धरली की पोटात गोळा येतो. नाही म्हणू का?
— कल्याण

उत्तर

मित्रा, तुझा प्रश्न वरच्या दोघांपेक्षा अवघड आहे, कारण त्यांना नुसतं ऐकायचंय आणि तुला पोटासाठी म्हणायचंय.

नाही म्हणणारे झालेत. लेड झेपेलिन बँडचा गायक रॉबर्ट प्लांट, त्याला त्यांच्याच 'स्टेअरवे टू हेवन'चा एवढा कंटाळा आला होता की अमेरिकेत पोर्टलंडच्या केबू नावाच्या लोकवर्गणीवर चालणाऱ्या रेडिओने ऑन एअर सांगितलं, वर्गणी द्या, आम्ही ते गाणं परत कधी लावणार नाही, तेव्हा गाडीतून जाताना ते ऐकून त्याने स्वतः वर्गणी दिली. स्वतःचं गाणं बंद करायला स्वतःचे पैसे! बरं, ते आठ मिनिटांचं गाणं त्यांनी सिंगल म्हणून बाजारात आणलंही नव्हतं, रेडिओवाल्यांनीच वाजवून वाजवून त्याचं हे केलं. आणि निर्वाणाने १९९२ मध्ये ब्युनोस आयर्सला, त्यांच्या आधी वाजवणाऱ्या बायकांच्या बँडला पब्लिकने हुसकावून लावलं म्हणून चिडून, 'टीन स्पिरिट'ची नुसती सुरुवात वाजवून दाखवली आणि गाणं शेवटपर्यंत दिलंच नाही. पूर्ण स्टेडियम वाट बघत राहिलं. मला हा किस्सा प्रचंड आवडतो, पण एक लक्षात घे, त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच मालकाकडे मानधन मागायला जायचं नव्हतं. तुला जायचंय.

म्हणून नाही म्हणू नको, पण जागा बदल. तू ते शेवटी ठेवत असशील, सगळे तसंच करतात, मग लोक पहिल्यापासून त्याचीच वाट बघत बसतात आणि मधली तुझी आवडती गाणी म्हणजे नुसती वेटिंग रूम होऊन जाते. रेडिओहेडचं अमेरिकेत तेच झालं होतं. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच म्हणून टाक. ज्यांना तेवढंच ऐकायचंय ते बिल मागवतील, मागवू दे, टेबलं रिकामी झाली की मालकालाही बरंच. उरतील ती तुझी माणसं, संख्येने कमी असतील पण ऐकतील.

आणि एक कर, ओरिजिनल चालीवर ते म्हणणं महिनाभर बंद कर. १९७६ च्या शेवटी ईगल्स बँडचा अल्बम आला तेव्हाचं रूप म्हणजे बारा तारांची गिटार, सातव्या पट्टीवर कॅपो, आणि शेवटी त्यांचे गिटारवाले फेल्डर आणि वॉल्श दोघांचा दोन मिनिटांचा सोलो, तो एकट्याने वाजवणं म्हणजे दोन पात्रांचं नाटक एकट्याने टोपी बदलून करणं. पण त्याच ईगल्सनी १९९४ ला, चौदा वर्षं वेगळे राहून परत एकत्र आल्यावर, 'हेल फ्रीझेस ओव्हर'मध्ये ते गाणं पूर्ण बदलून वाजवलं, नायलॉनच्या तारांवर, सुरुवातीला एवढा मोठा नवीन तुकडा की समोरच्या पब्लिकला पहिले काही क्षण कळतच नाही कुठलं गाणं आहे, आणि कळल्यावर जो आरडाओरडा होतो तो रेकॉर्डिंगमध्ये ऐकून बघ. आपल्याकडे तर कित्येकांच्या कानात तेच रूप बसलंय. त्यांनी सुद्धा स्वतःला कंटाळा येऊ नये म्हणून काहीतरी केलंच ना. तू तुझा तुकडा बनव, दर शनिवारी थोडा बदल, पब्लिकला ओळखायला वीस सेकंद जास्त लाव. ती वीस सेकंद तुझी.

आणि जाता जाता, तू ठाण्यातल्या कॅफेंमध्ये गातोस म्हणालास. मागच्या महिन्यात कधी डोळे मिटून 'क्रीप' म्हटलं होतंस का रे? एक माणूस अर्धी कोल्ड कॉफी टाकून बाहेर गेला असेल. मनावर घेऊ नको, तू चांगलं म्हटलंस म्हणूनच गेला तो. आणि त्याची बायको शेवटपर्यंत बसली होती.